घरात एकच षड्ज

देशपांडे नगरातल्या अंबूताईंच्या घरात कायदा एकच होता: घरात षड्ज एकच असायचा. षड्ज म्हणजे सा, गाणारा जिथून निघतो आणि फिरून जिथं परत येतो ती जागा. ती जागा अंबूताईंचा गळा ठरवायचा, तंबोरा तिला लावला जायचा, आणि घरात जे जे वाजेल त्यानं तंबोऱ्याचं ऐकायचं. कुकरची शिट्टी तेवढी या कायद्यातून सुटली होती, तीही नाइलाजानं.

अंबूताई धारवाडला गाणं शिकल्या आणि लग्न होऊन हुबळीला आल्या. मैफल अशी त्यांनी कधी केली नाही. सासरे बाळाचार्य यांना सुनेनं चारचौघांत गायलेलं चालणार नव्हतं, मात्र घरी मुलींना शिकवायला त्यांची ना नव्हती. तेव्हापासून समोरची खोली गाण्याच्या क्लासची झाली. सासरे गेले, पुढं यजमानही गेले, क्लास तेवढा राहिला. बाईंचा गळा गोड होता आणि जीभ तिखट. विद्यानगरच्या कमलबाईंनी वयामुळं आपला सूर खाली आणला, तेव्हा अंबूताईंनी सगळ्या मुलींसमोर ऐकवलं होतं, "गळा उतरला की तंबोऱ्याला खोळ घालावी. लोक कीव करीपर्यंत कशाला थांबायचं?"

त्यांचा एकुलता एक मुलगा जयतीर्थ. दिवसभर कोप्पीकर रोडवर चष्म्याचं दुकान, आणि संध्याकाळी बँड. बँड म्हटल्यावर लग्नाच्या वरातीतला डोळ्यांसमोर येईल, तर तो नव्हे. चाळीसेक वर्षांपूर्वी विलायतेत न्यू वेव्ह नावाचं एक संगीत निघालं होतं. कीबोर्डाचे गारठलेले सूर, यंत्राचे ताल, नाचायला लावणारी चाल, आणि गाणाऱ्याचा चेहरा मात्र नुकतंच कुणी गेल्यासारखा. तिकडं लोक ते विसरत आले, तेव्हा हुबळीत जयतीर्थ आणि त्याचा मित्र अनिश यांनी ते उकरून काढलं. बँडचं नाव 'हळे बसस्टँड'. हळे म्हणजे जुना. जयतीर्थ कीबोर्ड वाजवून कन्नडात गायचा, अनिश गिटार वाजवायचा. तिसरा माणूस नव्हताच.

घरचा कायदा अर्थात त्यांनाही लागू होता. जयतीर्थच्या जुन्या कीबोर्डाला मागं सूर वरखाली करायचं एक बटण होतं. सरावाआधी तो क्लासच्या खोलीत डोकवायचा, "आई, सा दे की," म्हणायचा, आणि तंबोरा ऐकून बटण पिळायचा. मग अनिश गिटार जुळवायचा. पहिला अल्बम असाच, दोघांनी शेजारी बसून त्या घरात वाजवला. जगातल्या कुठल्याच पट्टीत नीट न बसणारा, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला अंबूताईंचा षड्ज त्या अल्बमभर होता. लांबलांबच्या लोकांनी लिहिलं, की ही गाणी उन्हात तापलेल्या जुन्या कॅसेटीसारखी वाटतात, काय जादू केली आहे? जादू करणारी स्वयंपाकघरात चित्रान्नाचा भात परतत होती. तिनं तो अल्बम पुरता ऐकला नव्हता. "सुरात आहे, एवढं बास," हे तिचं मत.

दुसऱ्या अल्बमची बरेच जण वाट बघत होते, आणि तिथंच घोळ झाला. अनिशला मुलगी झाली होती, त्याला रोज येणं जमेना. त्यानं पावसाळ्याच्या सुरुवातीला काकूंचा तंबोरा फोनवर भरून नेला आणि विद्यानगरात आपल्या घरी, त्या आवाजाला गिटार लावून, एकेक गाणं नुसत्या तालावर वाजवत गेला. जयतीर्थ इकडं आपल्या घरी, रोज आईचा सा घेऊन, त्याच गाण्यांवर कीबोर्ड आणि गळा भरत गेला. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी दोघं सगळं एकत्र जोडायला बसले.

पहिलं गाणं ठीक जुळलं. दुसऱ्यात काहीतरी खुपलं. पाचव्याला अनिशनं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. शेवटच्या गाण्यात गिटार आणि कीबोर्ड एकमेकांकडं पाठ करून उभे होते.

"तू बटण नीट लावलं नाहीस," अनिश म्हणाला.

"मी रोज आईच्या तंबोऱ्याला लावलोय. तूच कुठंतरी घाई केलायस."

"मीपण काकूंच्याच तंबोऱ्याला लावलोय की. हे ऐक." अनिशनं फोनवरचा तंबोरा लावला. तो वर होता. चांगलाच वर.

"फोननं बिघडवलंय."

"फोन सूर बिघडवत नाही, जया. तुला माझी गिटार नको असली तर सरळ सांग. एकटा कर अल्बम."

आत पोळ्या लाटता लाटता अंबूताईंचं लाटणं थांबलं. दोघं शाळेपासूनचे मित्र, या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी जेवून वाढलेले. दोघं एकमेकांना खोटं ठरवत होते. फोनवर शंका घेऊन झाली, बटणावर घेऊन झाली, शेवटी मैत्रीवर घेऊन झाली. पण अंबूताईंचा षड्ज हलला असेल, ही शंका दोघांनाही शिवली नव्हती. बाईंना तेच सोसवेना.

कारण तो हलला होता. श्रावणात पहिल्यांदा त्यांना वरचा सा गाठताना धाप लागली. त्यांनी मुली यायच्या आधी दार लावून घेतलं आणि खुंट्या केसभर सैल केल्या. मग दसऱ्याला केसभर. मग दिवाळीनंतर. कुणाला कळलं नाही, मुलींनाही नाही, कारण मुली त्यांच्यामागून उतरत होत्या. दर वेळी कमलबाईंबद्दल बोललेलं आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं. आता बोलायचं, तर स्वतःच्या शब्दानं तंबोऱ्याला खोळ घालावी लागणार होती. क्लास नसलेल्या संध्याकाळी त्या घरात काय करणार होत्या, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

अनिशनं गिटार पेटीत ठेवली आणि पेटीची कडी लावली. तो आवाज ऐकून त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"तुम्ही दोघं खरं बोलायलाय," त्या म्हणाल्या. "मी खाली आलेय. पावसाळ्यापासनं. थोडी थोडी."

दोघांना क्षणभर उमजेना. मग जयतीर्थनं संगणकाकडं पाहिलं, गाण्यांची रांग पाहिली, आणि त्याला सगळं दिसलं. पावसाळ्यापासून आई आपला गळा पायरी पायरीनं उतरवत होती आणि तो रोज तिच्या मागं बटण पिळत होता.

"आई, सांगायचं नाही का?"

"काय सांगू? गळा गेला म्हणून?" त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. "उद्या मुलींना सांगते. तंबोऱ्याला खोळ घालते."

"आणि मग आम्ही सूर कशावरनं लावायचा?" अनिश पटकन म्हणाला. त्यानं पेटीची कडी काढली होती. "काकू, माझं चुकलं. माझा सा मी पावसाळ्यातच ठेवून बसलो. जयाचा रोजचा होता. मी परत वाजवतो सगळं, जयाच्या मागं."

"इरली बिडो, पहिलं गाणं तसंच राहू दे, ते जुळलंय," जयतीर्थ म्हणाला. राहू दे, सोडून दे, असं तो फार क्वचित म्हणे. डोळे पुसायला त्यानं चष्मा काढला.

अनिशनं बाकीच्या गाण्यांची गिटार नव्यानं वाजवली, आणि गाणी ज्या क्रमानं भरली होती त्याच क्रमानं अल्बममध्ये लागली. ऐकणाऱ्यांनी लिहिलं, की हा दुसरा अल्बम ऐकताना हळूहळू दिवस कलत गेल्यासारखं वाटतं. का, ते कुणाला सांगता आलं नाही. अंबूताईंनी मात्र या खेपेला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, हात मांडीवर ठेवून, मान न हलवता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमलबाईंना फोन केला. काय बोलल्या ते कुणी विचारलं नाही, पण बोलणं बराच वेळ चाललं होतं.

क्लास चालू आहे. आता बाई मुलींच्या समोरच खुंट्या पिळतात. आणि संध्याकाळी जयतीर्थ दारात येतो, कीबोर्डाच्या बटणावर बोट ठेवून विचारतो, "आई, आज कुठं?"

त्या तंबोऱ्याला कान लावतात, तार छेडतात.

"अजून जरा खाली ये," त्या म्हणतात. "मी इथं आहे."