लांब का, सर?

आमच्या धारवाडच्या मळमड्डीतल्या सुशिक्षित माणसांबद्दल मला फारसं बरं बोलता येत नाही. एका दुपारी माझे वडील घरातून निघून केलगेरीच्या तळ्यापर्यंत पोचले. वाटेत त्यांना किती जणांनी पाहिलं, ते मी नंतर घरोघर जाऊन विचारलं. अकरा जणांनी. अकराही जणांनी नमस्कार केला. अडवलं एकानंही नाही.

अप्पा हायस्कूलचे हेडमास्तर होते. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग आई वारली ते. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास दुपारची झोप झाली की ते कोट-टोपी घालत, छत्री घेत आणि शाळेला निघत. डॉक्टर म्हणाले, वयानं मेंदू झिजतो, औषध नाही, सांभाळा. मी ट्रेझरीत नोकरीला. घरी बायको एकटी, आणि तिला स्वयंपाक, धुणं, दोन मुलं. म्हणून मी फाटकाला वरच्या बाजूला, अप्पांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवली आणि त्यांच्या कोटाच्या आत नाव-पत्त्याची कापडी पट्टी शिवून घेतली, कन्नडात आणि मराठीत.

थोरला भाऊ हुबळीला वकील. तो रविवारी आला आणि कडी बघून भडकला.

"अप्पांना काय कोंडून घालणार आहेस? आणि ही पट्टी कसली? परटाकडे टाकायचंय का त्यांना?"

"अण्णा, हरवले तर?"

"हरवायला ते काय कुक्कुलं बाळ आहेत? अख्खं धारवाड ओळखतं त्यांना!"

त्यानं स्वतःच्या हातानं कडी काढली, पट्टी उसवली, जेवला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. अप्पांची अब्रू सांभाळायला तो महिन्यातून एक रविवार देत असे. अप्पांना सांभाळायला उरलेले दिवस आम्ही होतोच.

अख्खं धारवाड ओळखतं, हे मात्र खरं होतं. घात त्या ओळखीनंच केला.

बाहेर पडणाऱ्या माणसाला आमच्यात 'कुठे' असं विचारत नाहीत. कुणी विचारलंच तर काम होत नाही असं समजतात. मग त्या माणसानं परत फिरायचं, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं. म्हणून जाणती माणसं विचारतात, 'लांब का?' आणि निघालेला म्हणतो, 'जाऊन येतो.' कोण कुठे गेला हे कुणालाच कळत नाही, आणि रीत पाळल्याचं समाधान मात्र दोघांनाही मिळतं.

त्या दुपारी बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. अप्पा पुढून निघाले. शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "लांब का?" अप्पा म्हणाले, "जाऊन येतो." बायकोचा निरोप मिळून मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा काकूंनी मला हे बारीकसारीक तपशिलासह सांगितलं.

"ते भ्रमिष्ट झालेत हे तुम्हाला माहीत होतं ना, काकू?"

"माहीत होतं की. पण निघालेल्या माणसाला टोकायचं कसं? आणि कोट-टोपी सगळं कसं अगदी व्यवस्थित होतं हो!"

कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर चार निवृत्त अधिकारी रोज बसत. अप्पा जाताना चौघेही आदरानं उभे राहिले होते आणि अप्पा दिसेनासे झाल्यावर पुन्हा बसले होते. त्याच कोपऱ्यावर अप्पांचा एक जुना विद्यार्थी भेटला. तो आता कॉलेजात प्रोफेसर. मी काही विचारायच्या आत तोच हसून म्हणाला, "आज सरांना माझ्या स्कूटरवर बसायचा योग आला!"

"कुठे सोडलंत त्यांना?"

"केलगेरीला. तळ्याच्या जरा अलीकडे. 'लांब का, सर, सोडू का?' म्हटलं, तर म्हणाले, सोड. मग थांब म्हणाले, थांबलो. पाया पडलो आणि आलो."

"तिथं त्यांचं काय काम, असं विचारावंसं वाटलं नाही?"

"सरांना प्रश्न? आमची काय बिशाद!" हे तो अभिमानानं म्हणाला.

मी रिक्षा केली. तळ्यावर पोचलो तेव्हा अप्पा गुडघाभर पाण्यात होते. डोक्यावर छत्री उघडलेली, धोतर पाण्यावर पसरलेलं, आणि शाळेची घंटा झाल्यासारखे ते पुढे पुढे चालले होते. थोडं पुढे तळं एकदम खोल आहे. मला पोहता येत नाही. रिक्षावाल्यालाही येत नव्हतं. "अप्पा, थांबा! अप्पा, मी आलोय!" मी ओरडत राहिलो. त्यांनी मान वळवली नाही. मी कोण, हे त्यांना त्या वर्षात कधी आठवत असे, कधी नसे. पाणी मांड्यांपर्यंत आलं. माझ्या तोंडून निघालं, "अप्पा, कुठे निघालात?"

ते थांबले. वळले. हेडमास्तरांचा तो चेहरा मी कित्येक वर्षांनी बघत होतो.

"मूर्खा! निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारतात? घरी काही शिकवलंय की नाही?"

आणि शिव्या घालत घालत ते पाण्यातून बाहेर आले, काठावरच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "पाणी आण." रिक्षावाल्याच्या बाटलीतलं पाणी त्यांनी सावकाश प्यायलं. मग ओल्या धोतराकडे बघून मला विचारलं, "आपण इथं का बसलोय रे?"

दुसऱ्या दिवशी मी त्या अकराही घरी गेलो. एकच विनंती केली. अप्पा रस्त्यावर दिसले की फक्त 'कुठे' असं विचारा, ते आपणहून परत फिरतील. काकू म्हणाल्या, "मी नाही बाई, पाप लागेल." कट्ट्यावरचे म्हणाले, "सरांना असं टोकणं बरं दिसत नाही री." प्रोफेसर म्हणाला, "तुम्ही पण सरांची काय शोभा करता!" भावाला कळलं तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. म्हातारा तळ्यात गेला तर चालेल, पण त्याला अपशकुन होता कामा नये.

शेवटी ते काम बायकोनं घेतलं. दुपारी ती पुढच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसे. अप्पा कोट घालून आले की मान वर न करता विचारी, "अप्पा, कुठे?" "सून आहे की कोण! रोज टोकते!" असं म्हणत ते वहाणा काढत, बसत, पाणी पीत. तांब्या रिकामा होईपर्यंत शाळा विसरलेली असे. अशी तीन वर्षं गेली. अप्पा आपल्या अंथरुणात गेले.

भेटायला सगळे आले. प्रोफेसरनं डोळे पुसत स्कूटरची गोष्ट सांगितली. सरांची तेवढी तरी सेवा हातून घडली, म्हणाला. भावानं मान डोलावली. काकू म्हणाल्या, "माणूस शेवटपर्यंत कसा टापटिपीत!"

प्रोफेसर उठला, बाहेर गेला, स्कूटर स्टँडवरून काढली. मी फाटकात उभा होतो.

"कुठे?" मी विचारलं.

त्याचा चेहरा पडला. मग त्यानं स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली, वहाणा काढल्या, आत येऊन बसला आणि माझ्या बायकोकडे पाणी मागितलं.