कांताबाईंच्या खात्यातले युरो

माणसं माझ्याकडे कराचं विचारायला येतात आणि घरचं बोलून जातात. गिरगावातल्या एका वाडीत तळमजल्यावर माझं ऑफिस आहे. अर्धे कागद आणणाऱ्यांवर मी, लतिका, चिडते, हे सगळ्यांना माहीत आहे; तरी ते अर्धेच आणतात.

अक्षता सगळे कागद घेऊन आली होती, आणि तरी मी चिडले.

ही मुलगी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. आता तिथेच उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आईबरोबर, कांताबाईंबरोबर, राहते. वडील, भिवा, गिरणीत होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. अक्षता डॉक्टरकीच्या पुस्तकांसाठी शरीराच्या आतली चित्रं काढते. तिने काढलेलं मूत्रपिंड पाहिलं की आपलंही असंच नीटनेटकं असेल, असं वाटून बरं वाटतं. जर्मनीतला एक प्रकाशक तिला करारावर काम देतो. बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हटलं की नाही.

त्यांच्या घरची रीत अशी, की पगार आधी आईच्या हातात. भिवा तसंच करायचे. तेव्हा प्रकाशकाने खात्याचा नंबर मागितल्यावर हिने सरळ आईचा दिला. वर रक्कमही रुपयांत ठरवली, का तर युरो आईला कळणार नाहीत.

काही महिने निभावलं. मग बँकेने कांताबाईंना फोन करून विचारलं, परदेशातून हे पैसे कसल्या कामाचे येतात? लेकीच्या मागे चौकशी लागेल या भीतीने बाईंनी ठोकून दिलं, "चित्रं मीच काढते." बँकेने करार मागवला. त्यावर नाव अक्षताचं. पैसे अडकले. प्रकाशकही सावध झाला. त्याने कळवलं, सोमवारपर्यंत स्वतःच्या नावाचं खातं द्या, नाहीतर पुढचा करार दुसऱ्या कोणाशी करू.

"मग दे की," मी म्हटलं.

"आईला काय सांगू? तुझ्या खात्यात आता काही येणार नाही म्हणून? ताई, राहू दे. दुसरं काम बघते."

इथे माझा पारा चढला. म्हटलं, "अगं, कमावतेस तू, म्हणजे कर तुझाच, पैसे कोणाच्याही खात्यात पडोत. पगारातून कापतात तसा इथे कोणी कापणार नाही. दर तिमाहीला आपला आपण भरायचा. तिकडे त्यांनी कर कापू नये म्हणून तू इथली रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र लागेल, तेही तुझ्याच नावाचं. आणि रुपयांचा हट्ट सोड. युरो चढला तरी तुला तेवढेच मिळतात. युरोत घेतलंस तर पडल्यावर फटका तुझा, हे खरं, पण चढल्यावर फायदाही तुझा. करार, बिल, खातं, सगळीकडे एकच नाव आणि एकच चलन असलं की बँकेला विचारायला काही उरत नाही."

"ते समजलं मला," ती म्हणाली. "आईचं काय?"

मी तिच्याच फोनवरून कांताबाईंना बोलावून घेतलं. त्या बसने आल्या. पदर नीट करून खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी सगळं पुन्हा सांगितलं. अक्षता खाली बघत होती.

"म्हणजे काम हिचं, कर हिचा, आणि नाव माझं?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या लेकीकडे वळल्या.

"तुझे बाबा पगार माझ्या हातात ठेवायचे ते घरी आल्यावर. त्याच्या आधी गिरणीत खिडकीवर त्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा. अख्खं नाव, वडिलांच्या नावासकट. खिडकी गेटाजवळच होती. पगाराच्या दिवशी मी बाहेर उभी राहायची, तेवढं ऐकायला. गावात त्यांना असं अख्ख्या नावाने कोणी कधी हाक मारली नव्हती. तुझा पुकारा मी कशाला घेऊ गं?"

अक्षता रडली. मी रहिवासी प्रमाणपत्राचा फॉर्म तिच्यापुढे केला.

करार युरोत झाला, अक्षताच्या खात्यावर. पहिली रक्कम आली तेव्हा बँकेची पावती मला द्यायला दोघी आल्या. अक्षता आईला समजावू लागली, युरो इतके, आजच्या भावाने रुपये इतके.

"ते राहू दे," कांताबाई म्हणाल्या. "वर नाव लिहिलंय ना, ते वाच. मोठ्याने."

अक्षताने वाचलं. वडिलांच्या नावासकट.