वहीतली वीस मिनिटं

तारमास्तरांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, तेवढंच. बाकी सगळा कारखाना, गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत, त्यांना तारमास्तर म्हणायचा आणि त्यांनाही ते आवडायचं. रंगात घालतात ते रेझिन शिजवायचं त्यांचं काम. दुमजली उंचीची केटल, तिच्यात बारा टन माल, सकाळी आठला आच पूर्ण चढली की पुढे चार तास नुसतं ढवळणं. माल शिजत आला की काचेच्या कांडीनं थेंब काढायचा, फुंकर मारून गार करायचा, दोन बोटांत धरायचा आणि बोटं हळूच लांब न्यायची. पाकाची बघतात तशी तार. तुटली तर कच्चं. टिकली तर त्याच मिनिटाला गार पाण्याचं चाक फिरवायचं. घरी बायकोनं पाक करायला घेतला की हे मागे हात बांधून उभे राहत. इतकीच हौस असेल तर केटलमध्येच करून आणा, असं ती एकदा वैतागून म्हणाली होती.

चाक फिरवायला उशीर झाला की माल आवळतो. आधी मधासारखा, मग डिंकासारखा, आणि मग पाचदहा मिनिटांत बारा टनांचा दगड. शेजारच्या केटलचं एकदा असं झालं होतं. झाकणातून फेस उसळला, प्लॅटफॉर्मवरच्या माणसाचे दोन्ही हात भाजले, आणि पुढे दीड महिना माणसं आत उतरून छिन्नीनं तो दगड फोडत होती. त्या आवाजानं त्यातल्या एकाचा कान कायमचा गेला. तेव्हा तारमास्तरांच्या बोटांना कारखान्यात जो मान होता तो काही फुकटचा नव्हता.

आता वहीची गोष्ट. प्रत्येक बॅचची वही असते. आच कधी चढली, पाणी कधी सोडलं, सगळं वेळेसकट लिहायचं. आणि भिंतीवर एक कार्ड असतं, त्यात लिहिलेलं असतं की सकाळच्या बॅचचं पाणी साडेबाराला सोडा. कार्ड ज्या साहेबांनी लिहिलं त्यांच्या काळात ते बरोबर होतं. मग अकरा वर्षांपूर्वी तेल दुसरीकडून यायला लागलं आणि माल लवकर शिजायला लागला, बारा वाजून पाच, बारा वाजून दहा. तारमास्तर ज्यांच्या हाताखाली शिकले त्या जुन्या ऑपरेटरनं एकदा वहीत खरी वेळ लिहिली, तर त्यांना मेमो मिळाला. कार्ड म्हणजे कार्ड, साहेब म्हणाले. तेव्हापासून त्या ऑपरेटरनं कानाला खडा लावला, आणि हाताखालच्या प्रत्येकाला सांगितलं, "काम केटलचं ऐकून करायचं, वही साहेबाचं ऐकून लिहायची."

तिन्ही शिफ्टनी आपापल्या बॅचला तसंच केलं. सकाळच्या बॅचचं पाणी बारा-आठला सोडायचं आणि वहीत बारा-अठ्ठावीस लिहायचं. रोज एकच आकडा दिसला तर संशय येईल म्हणून कधी बारा-एकतीस, कधी बारा-सव्वीस. ते साहेब निवृत्त झाले, त्यांच्यानंतरचेही झाले, मेमो देणारं कोणी उरलं नाही, पण सवय उरली. खोटं बोलतोय असं तारमास्तरांना एक दिवसही वाटलं नाही. माल उत्तम निघत होता ना? वही वाचतंय कोण?

वाचणारी आली मागच्या वर्षी. तिशीतली इंजिनिअर, चष्मा कपाळावर ढकलून बसणारी, जेवतानाही एका हातानं टाइप करणारी. कारखान्यात तिला मॉडेलवाली म्हणू लागले. मागच्या हजारो बॅचचा अभ्यास करून पुढची बॅच कधी तयार होईल ते आधीच सांगायचं आणि मग व्हॉल्व्ह आपोआप चालवायचे, असं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवायचा तिचा कार्यक्रम. त्यासाठी तिनं अकरा वर्षांच्या वह्या मागवल्या आणि ओळन् ओळ कॉम्प्युटरवर चढवली. एक दिवस वही उघडून तारमास्तरांच्या समोर धरली आणि म्हणाली, काका, इतकी स्वच्छ नोंद मी कुठल्याच कारखान्यात पाहिली नाही. तारमास्तर संकोचले. हो, आणि फुललेही. खोटं कशाला सांगा.

हा पोरखेळ आहे असंच त्यांनी धरलं होतं. असली दोन यंत्रं आधी येऊन धूळ खात पडली होती. तीन महिने मॉडेलची कागदावरच चाचणी झाली. सकाळी ती आजचा अंदाज फळ्यावर लिहायची, दुपारी येऊन विचारायची, काका, आज जमलं का? पोरगी चांगली होती, मनापासून राबत होती. तारमास्तर फळ्याकडे नजर टाकायचे आणि वहीत त्याच्या आसपासचा आकडा लिहायचे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बॅच जुळल्या. रविवारच्या बॅचला दोन मिनिटं जास्त लागतात, असा एक नियमही मॉडेलनं शोधून काढला. रविवारी तारमास्तर कंटाळलेले असत आणि सरळ कार्डावरची साडेबाराच टाकून मोकळे होत, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मोठे साहेब खूश झाले. तारमास्तरांच्या निवृत्तीला अकरा महिने होते. त्यानंतरही दोन वर्षं नव्या लोकांना शिकवायला ठेवून घेऊ, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग आठवडाभर केटल बंद ठेवून तिच्यावर नवी उपकरणं बसवली. पाण्याचं हाताचं चाक काढलं आणि मोटरचा व्हॉल्व्ह आला. आता पाणी सोडायचं तर कंट्रोल रूममधल्या मॉडेलवालीच्या पडद्यावरूनच. पहिल्या आपोआप बॅचच्या आदल्या दिवशी तारमास्तरांनी तिला सहज विचारलं, हे तुमचं मॉडेल तार बघतं कशी? ती हसली. म्हणाली, ते काही बघत नाही काका, त्याला तुमच्या वहीतून माहीत आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला तो तसाच हातात राहिला. बायकोनं काय झालं ते काढून घेतलंच. सकाळी जाऊन सांगून टाका, ती म्हणाली, दहा मिनिटांची लाज. पण ज्याची लाज असते त्याला ती दहा मिनिटांची दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनी मनाला समजावलं. उद्या मॉडेलचा आकडा बघू, कदाचित तो लवकरचाच निघेल. आणि नवं यंत्र आहे, त्याला काहीतरी कळत असेलच की.

सकाळी फळ्यावर आकडा होता: बारा-एकतीस.

कंट्रोल रूम तशी लहान. काचेपलीकडे केटल, अलीकडे तीन पडदे, आणि त्या दिवशी मुख्य कार्यालयातून आलेले चार पाहुणे खुर्च्यांवर दाटीनं बसलेले. आठला आच चढली. नऊ वाजले, दहा वाजले. पडद्यावरची हिरवी रेघ शहाण्या मुलासारखी आखल्या वाटेनं चालली होती. मोठे साहेब पाहुण्यांना समजावत होते आणि मधूनच तारमास्तरांकडे बोट दाखवत होते, हे सगळं यांच्या वहीवर उभं आहे. तारमास्तर मान हलवत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत; पाहुण्यांतला एक जण घड्याळाकडे बघायचा तरी यांना वाटायचं, कळलं.

साडेअकराला त्यांनी पहिला प्रयत्न केला. एकदा नमुना काढून बघू का, असं विचारलं. साहेब म्हणाले, झाकण उघडलं तर वाफ येईल, पाहुण्यांना त्रास. पावणेबाराला म्हणाले, वास जरा बदललाय. मॉडेलवालीनं त्यांच्याकडे आपुलकीनं पाहिलं, तापमान दाखवलं, सगळं ठीक आहे काका, बसा तुम्ही. ते बसले नाहीत. काचेला कान लावून उभे राहिले. ढवळणीचा आवाज त्यांना झोपेतही ओळखता आला असता. बाराच्या सुमाराला तो जड झाला. प्लॅटफॉर्मवर केटलच्या झाकणापासून चार हातांवर दोन फिटर नव्या व्हॉल्व्हपाशी उभे होते, बोलत, हसत. त्यांच्याकडे बघताना तारमास्तरांना शेजारच्या केटलवरच्या माणसाचे भाजलेले हात आठवले. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी अवस्था माणूस किती वेळ सोसेल? सांगितलं तर तीस वर्षांचं नाव गेलं, आणि नाही सांगितलं तर ते दोघं.

घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाली होती. ते मॉडेलवालीच्या खुर्चीशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पाणी सोडा."

"अजून सत्तावीस मिनिटं आहेत, काका."

"नाहीत. वही खोटी आहे."

ती वळली. तिला ऐकू आलं होतं, पण कळलं नव्हतं.

"मी लिहिलेली आहे, मला माहीत आहे. पाणी मी कायम आधी सोडतो आणि वहीत कार्डाची वेळ लिहितो."

"किती आधी?"

"वीस मिनिटं. कधी पंचवीस."

"कुठल्या दिवशी?"

"रोज," तारमास्तर म्हणाले. "अकरा वर्षं."

खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब पुढे आले, पाहुण्यांकडे बघून हसले आणि तारमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तर, तुम्ही घाबरलाय, नव्या यंत्रानं तुमची नोकरी जात नाहीये. मॉडेलवालीला तर त्यांनी सरळ बजावलं की काही बदलायचं नाही. यांचं ऐकलं तर तीन महिन्यांच्या अठ्ठ्याण्णव बॅच खोट्या ठरतात. त्यांचंही काही चुकत नव्हतं. एक माणूस स्वतःच सांगतोय की मी अकरा वर्षं खोटं लिहिलं. त्याचं बाराव्या वर्षी खरं का मानायचं?

"नोकरीसाठी खोटं बोलायचं असतं, साहेब," तारमास्तर म्हणाले, "तर आत्ता गप्प बसलो असतो."

मॉडेलवाली पडद्याकडे बघत होती. कोपऱ्यात ढवळणीच्या मोटरवर किती भार पडतो ते दाखवणारी एक बारीक रेघ होती. हे मोजमाप मागच्या आठवड्यातच बसवलं होतं, म्हणून मॉडेल तिच्याकडे बघतच नव्हतं. ती रेघ गेल्या सहा मिनिटांत वर चढली होती. तिनं पासवर्ड टाकला, घाईत एकदा चुकला, पुन्हा टाकला, आणि व्हॉल्व्ह उघडला. बारा वाजून सात मिनिटं. तारमास्तर तोवर जिन्यावर होते. त्यांनी त्या दोन फिटरना दंडाला धरून खाली काढलं आणि मग एकट्यानं वर जाऊन झाकणाची खिडकी उघडली. तार हवी त्यापेक्षा लांब टिकली. आणखी दहा मिनिटांनी केटलमध्ये काय उरलं असतं, हे सांगायला मॉडेल लागत नव्हतं.

माल जाडसर निघाला, पातळ करून वापरता आला. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की आपण अचानकच्या प्रसंगाचा सराव करून दाखवला, आणि त्यातल्या एकानं टाळ्याही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर जे व्हायचं ते झालं. शिकवायला ठेवून घेण्याची गोष्ट संपली. आणखी कोण असं लिहितं, असं साहेबांनी विचारलं, तर तारमास्तर म्हणाले, माझं मी सांगितलं. पण इतर शिफ्टच्या वह्यांतही तेच कार्डाच्या आसपासचे आकडे होते, त्यांनी बाकीच्यांचंही सांगितलंच. दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरनं दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोरून जाताना मान फिरवली. वीस वर्षं एका डब्यातलं खाल्लेला माणूस. बायको मात्र म्हणाली, बरं केलंत, आणि ताटात वाढत राहिली. या सगळ्याची तारमास्तरांनी तयारी ठेवली होती. जिची तयारी ठेवली नव्हती ती गोष्ट तिसऱ्या दिवशी झाली.

मॉडेलवाली त्यांच्या बाकाशी येऊन उभी राहिली. तिनं आभार मानले नाहीत. म्हणाली, "तीन महिने मी रोज विचारत होते, आज जमलं का. कार्डवाल्या साहेबांना फसवलंत ते मला समजतं. पण मला का फसवलंत, काका?"

तुमचं मन मोडायला नको वाटलं, हे खरं होतं; पण ते सांगायचीसुद्धा तारमास्तरांना लाज वाटली. वही कोणी वाचेल असंच त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि हिनं तर प्रत्येक ओळ खरी मानली होती. त्यांना फार वाईट वाटलं. मेमो मिळाला असता, पगार कापला असता, तरी इतकं वाटलं नसतं. अकरा वर्षांच्या खऱ्या वेळा सांगा म्हटलं असतं तर त्याही आता कुठेच नव्हत्या. बोटांना तार कळत होती, पण कालची वेळ बोटं लक्षात ठेवत नाहीत.

तिनं जुनं सगळं पुसून टाकलं. पाण्याचं हाताचं चाक परत बसवायला लावलं आणि ठरवलं की निदान साठ बॅच हातानंच करायच्या. तारमास्तर जे बघतात, ऐकतात, हुंगतात ते त्यांनी मोठ्यानं बोलायचं आणि तिनं शेजारी उभं राहून लिहायचं. मॉडेल पुन्हा शून्यापासून. तारमास्तर लगेच तयार झाले. पहिल्या दिवशी ते अर्धा तास लवकर आले होते.

आच चढली, तास गेले. आवाज जड व्हायला लागलाय, ते म्हणाले, तिनं लिहिलं. वास तिखट झाला, तिनं लिहिलं. त्यांनी कांडी बुडवली, थेंब गार केला, बोटं लांब नेली. तार टिकली. चाक फिरवून पाणी सोडलं, आणि घड्याळ बघून स्पष्ट आवाजात सांगितलं, "बारा-नऊ."

तिचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते तिथेच थांबलं. तिनं मान वर केली, भिंतीवरच्या घड्याळात स्वतः बघितलं, आणि मग लिहिलं.