गोरखचिंच आणि रविवारचा फोन

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या बॅगेत गोरखचिंचेचं एक वाळलेलं फळ कोंबलं. "पोट बिघडला तर गर ताकात कोळून पी," एवढंच म्हणाले आणि गाडी सुटायच्या आत निघून गेले. ते गावात झाडपाल्याची औषधं देत. मी ती शिकावीत अशी त्यांची फार इच्छा होती, आणि मी धरली चेन्नईतल्या अंबत्तूरच्या कारखान्यातली नोकरी. मग दर रविवारी फोन मीच लावायचा, आणि त्यांनी "बरा आसय, ठेवतंय" म्हणायचं. भांडले असते तरी मला चाललं असतं.

मेसच्या जेवणापायी पोटाने दगा दिला तेव्हा ते फळ फोडलं. माझ्या खोलीत सुदानहून ट्रेनिंगला आलेला इद्रिस राहायचा. पांढरा गर बघून तो ओरडलाच, "हे तर आमचं तबल्दी!" त्याची आई जुलाबावर हाच गर पाण्यात कोळून, साखर घालून देते म्हणे. तिकडे त्या झाडाच्या पोकळ बुंध्यात पाणीसुद्धा साठवतात. आपली गोरखचिंच मुळात आफ्रिकेची, हे मला चेन्नईत कळलं!

न राहवून बाबांना सांगितलं. "मगे गोरखनाथ काय आफ्रिकेत गेल्लो?" म्हणाले आणि फोन आपटला. होतं ते दोन शब्दांचं बोलणंही मी घालवून बसलो, असं वाटलं. आठवडाभर कशात लक्ष लागलं नाही.

पुढच्या रविवारी मी फोन लावायच्या आधी तोच वाजला. पलीकडे बाबा. "त्याका इचार, तापार साल देतत काय पाना?"

इद्रिसने आईला विचारलं. साल, उकळून. बाबा सुजेवर पानं वाटून बांधतात हे ऐकून त्या माउलीने उलट विचारलं, पानं कोवळी की जून? असं कित्येक रविवार चाललं. बाबांच्या मालवणीचं मी इंग्लिश करायचो, इद्रिस त्याचं अरबी करायचा. मध्ये आम्हा दुभाष्यांची टिंगलटवाळीही व्हायची. बाबा फोनवर हसतात हे मला नवीनच होतं.

ट्रेनिंग संपलं, ठरल्या दिवशी इद्रिस गेला. आता बाबांनी विचारावं असं माझ्याकडे काय उरलं, या धास्तीने मी रविवारी फोनपाशी बसलो होतो. तो वाजला.

"बाबा, इद्रिस गेला."

"ठाऊक आसा माका. तुझ्या थंय कसली झाडां आसत, ता सांग."

गाव सोडलेल्यांनो, घर कुठे असं मला कुणी विचारलं, तर मी आता वेंगुर्लाही सांगत नाही आणि अंबत्तूरही नाही; रविवारचा फोन सांगतो. मी त्या दिवशी फोन कानाला लावून गॅलरीत गेलो आणि समोरच्या पिवळ्या फुलांच्या झाडाबद्दल सांगायला लागलो. बाबा मध्येच म्हणाले, "सावकाश सांग. माका घाय नाय."