गिरणीवरचा मायक्रोस्कोप

किस्से साठत जातात आणि सांगून सांगून असं होतं, की घडलेलं किती आणि आपण घातलेलं किती, तेच कळेनासं होतं. मायक्रोस्कोप काळा होता असं मला आठवतं. सलीमभाई म्हणतात, पांढरा. त्यांचंच खरं असेल.

निवृत्तीनंतर मी सलीमभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात जायचो. दुकान पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. सलीमभाई, वंदनाताई आणि मी, तिघंही शेंद्र्याच्या कारखान्यांतून आलेल्या सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग करायचो. जोड फार बारीक यायला लागले, तेव्हा यूएसबी मायक्रोस्कोप घ्यायचं ठरलं. मला आतून धास्ती! त्यात माझा हात थरथरताना दिसला, तर काम सुटणार. घरी बसून मी करणार काय?

*

पहिल्याच्या खोक्यावर लिहिलेलं, हजार पट! सलीमभाईंनी आधी स्वतःचा अंगठाच त्याखाली धरला. लॅपटॉपवर नुसत्या भेगा.

वंदनाताई म्हणाल्या, "हा अंगठा हाय का उन्हाळ्यातला हर्सूल तलाव?"

*

त्याची लेन्स बोर्डाला जवळजवळ टेकवावी लागायची. मधे सोल्डरिंग आयर्न शिरेना. मी शिरवलं. लेन्सभोवतीचं प्लास्टिक वितळलं!

"सर," सलीमभाई शांतपणे म्हणाले, "या तो देखो, या तो जोडो. दोनों का लालच मत करो."

*

दुसरा उंच स्टँडचा घेतला. त्याचे दिवे असे लख्ख, की बरावाईट प्रत्येक जोड चकाकायचा.

"समदे नवरदेवावानी चमकायलेत," वंदनाताई म्हणाल्या. "खोट कुणात हाय, कसं कळावं?"

दिव्यांवर बटरपेपर लावला, चकाकी मंदावली आणि पहिला कच्चा जोड सापडला. माझाच होता!

*

एका दुपारी दुकानात एकटाच होतो. आयर्नचं टोक लेन्सखाली नेलं आणि पडद्यावर सगळं थरथरायला लागलं. वाटलं, माझाच हात थरथरतोय. पीएच.डी. असून, हात बाजूला काढून बघावं एवढं सुचलं नाही! थेट मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "काही नाही, घरी जा." माझा विश्वास बसला नाही.

पुढे एकदा तिघंही कामात असताना लाईट गेली. खालची गिरणी थांबली. लॅपटॉप बॅटरीवर चालू. माझ्या हातातलं आयर्न पडद्यावर अगदी स्थिर!

लाईट आली, गिरणी सुरू झाली, टेबलासकट चित्र नाचायला लागलं. मी दोन्ही हात वर केले, तरी नाचतच होतं! जीव भांड्यात पडला. मी सगळ्यांना चहा सांगितला आणि डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं कबूल केलं. बाकीची दोघं माझ्याहून जास्त हसत होती.

*

बऱ्याच वर्षांनी ईदला सलीमभाईंच्या घरी गेलो, तेव्हा भाभी म्हणाल्या, "भाईसाब, उस मायक्रोस्कोप के वक्त इनो भी हाथ दिखाने डॉक्टर के पास गए थे. हमकू बोले, सर को नक्को बताओ!"

मला खरं वाटेना. खात्री करावी म्हणून वंदनाताईंना फोन लावला.

"सलीमभाईंचं मला ठावं नाय, सर," त्या म्हणाल्या. "मी तर दोन डॉक्टर केले!"