तांदळाच्या पोत्यांसमोर सांगितलेल्या गोष्टी

तुम्ही कधी तांदळाच्या पोत्यांसमोर बसून गोष्ट सांगितली आहे का? आमच्या शाळेत निम्म्या मुलांनी सांगितली आहे. मुख्याध्यापकांनीसुद्धा!

मी भडगाव आणि पाचोऱ्याच्या मधल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर खोलीची मदतनीस आहे. शिक्षण माझं दहावी. टॅब चार्ज करायचे, धूळ पुसायची, कुणी काय नेलं ते बघायचं, एवढं माझं काम. मुलं मला अक्का म्हणतात. टॅबची मेमरी भरली की त्यातलं काहीबाही पुसून टाकावं लागतं. किस्से मात्र कुणी पुसत नाही. ते माझ्याकडे साठत जातात आणि कुणी चहाला बसलं की आपोआप बाहेर येतात.

झालं असं, की धुळ्याहून स्मिता मॅडम आमच्याकडे मराठी शिकवायला आल्या. आल्या आल्या त्यांनी वर्गात जाहीर केलं, "निबंधाआधी गोष्ट!" प्रत्येकाने घरातली एक खरी गोष्ट निवडायची. टॅबवर आपले आपण फोटो किंवा व्हिडिओ काढायचे. आपल्या आवाजात गोष्ट सांगायची. मग कॉम्प्युटरवर फोटो आणि आवाज जोडून छोटी फिल्म करायची.

सगळा वर्ग खूश. रेणुका सोडून.

रेणुका आठवीतली. बोलताना अडखळते. पहिल्याच अक्षरावर थांबते, आणि तेवढ्यात कुणी फिदीफिदी हसलं की पुढचं बोलतच नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. मॅडम मला म्हणाल्या, "अक्का, बाकीच्यांच्या फिल्म कशाही होऊ देत. या पोरीने एक गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, तर मला माझी नोकरी पावली!"

*

आता पोत्यांचं. वर्गात आवाज रेकॉर्ड केला की तो घुमायचा, विहिरीत ओरडल्यासारखा. कुठे घुमत नाही ते बघायला मॅडम शाळाभर टाळ्या वाजवत फिरल्या. शेवटी खिचडीच्या तांदळाची कोठी सापडली. चारी बाजूंनी पोती रचलेली, आवाज अजिबात घुमत नाही. झालं, तोच आमचा स्टुडिओ!

एके दिवशी तालुक्याहून एक साहेब अचानक तपासणीला आले. कोठीचं दार अर्धवट उघडं. आत लोकेश नावाचा मुलगा जमिनीवर बसून, तांदळाच्या पोत्याकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, "नको ना जाऊ! तुझ्याशिवाय मला करमत नाही!"

साहेब पाय न वाजवता मागे फिरले आणि मला हळूच म्हणाले, "बाई, याच्या घरी कळवलंय का?"

*

याच लोकेशला त्याआधी आपल्या आजीवर फिल्म करायची होती. आजी भारी बोलकी. ओट्यावर बसली की येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गोष्टी सांगणार. लोकेश म्हणाला, "आपली फिल्म सगळ्यात पहिली होईल बघा, अक्का."

टॅब बघितल्याबरोबर आजी आत गेली. ठेवणीतलं लुगडं नेसली, गळ्यात पोत घातली, मोठं कुंकू लावलं, आणि खुर्चीवर ताठ बसून राहिली. पापणी हलेना.

"आजी, बोल ना!"

आजी ओठ न हलवता आपल्या अहिराणीत म्हणाली, "फोटोमा कोनी बोलस का रे?"

त्यानंतर एक शब्द नाही! सगळ्या फिल्मभर आजी समोर बघत बसली आहे आणि मागून एक कोंबडी येते आणि जाते, एवढंच. लोकेश रडकुंडीला आला. तेव्हा रेणुकाने त्याच्या हातातून माऊस घेतला, फिल्मचा शेवट नीट कापला, आणि सुरुवातीला मोठ्या अक्षरांत नाव टाकलं: "माझी आजी फार बोलते."

वर्ग हसून हसून बेजार. रेणुका पण हसत होती. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते.

*

त्या दिवसापासून रेणुका आमची कापाकापीची मास्तरीण झाली. कुणाचा खोकला, कुणाच्या मागचा ट्रॅक्टर, कुणाचं "अं... अं...", सगळं ती आवाजातून अलगद काढायची. मुलं तिच्यामागे रांग लावायची. "रेणुका, माझी शिंक काढ ना!" तिला चिडवणारी मुलंसुद्धा त्या रांगेत! ती बोलायची नाही. कान लावून ऐकायची आणि काम करायची. मॅडम तिच्याकडे बघून गप्प राहायच्या. घाई करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

*

भावना नावाच्या मुलीच्या घरी मोठं कुटुंब, शांतता कधीच नाही. तिने गोधडी डोक्यावरून घेऊन आत टॅब ठेवला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोधडी उबदार. भावनाला लागली झोप! टॅब मात्र चालूच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने न ऐकताच तो आवाज स्पीकरवर लावला. आधी थोडी गोष्ट, मग घोरणं, आणि मग भावनाच्या आईचा आवाज अगदी स्वच्छ: "मंगलाताईंच्या हाताला मिठाचा काही अंदाजच नाही हो! परवाचं भरीत म्हणजे नुसतं मीठ!"

मंगलाताई म्हणजे भावनाची काकू. आणि मंगलाताई म्हणजेच आमच्या शाळेत खिचडी करणाऱ्या ताई. हातात डाव घेऊन दारातच उभ्या!

सोमवारच्या खिचडीत मीठच नव्हतं. मुलं कुरकुरली तेव्हा त्यांनी मिठाची वाटी मधोमध आणून ठेवली. "घ्या. ज्याचा त्याचा अंदाज!"

*

एवढं सगळं बघून मुख्याध्यापक सरांनाही हुरूप आला. पालकांसाठी दोन शब्द बोलतो म्हणाले आणि कोठीत जाऊन बसले. बसले आणि पोत्यांकडे बघून सुरू झाले, "व्यासपीठावरील सन्माननीय मान्यवर..."

मॅडम म्हणाल्या, "सर, मित्राला सांगतो तसं सांगा."

"मॅडम, मित्र माझं ऐकत नाहीत."

"मग लहानपणीचं काहीतरी सांगा."

सर एकदम म्हणाले, "मी एकदा विहिरीत पडलो होतो. ते चालेल?"

अहो, काय सांगितलं त्यांनी! हिरवं पाणी, कपारीतलं पाखरू, वर आभाळाचा एवढासा तुकडा. मी, मॅडम, दारातली मुलं, सगळे श्वास धरून. आणि सर विहिरीत असतानाच टॅबची मेमरी भरली!

पुन्हा सांगायला सर तयार होईनात. "एकदाच पडलो, एकदाच सांगणार," म्हणाले. त्यामुळे फिल्म तिथेच संपते. सर समोरच्या व्हरांड्यातून चालत असतात आणि पाचवीची मुलं मला कानात विचारतात, "अक्का, सर विहिरीतून निघाले का?"

*

शेवटी रेणुकाने आपली गोष्ट करायचं ठरवलं. कोठीत एकटी गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आली नाही. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले.

तिच्या घरी एक म्हैस आहे. धार काढताना कुणीतरी बोलत बसलं तरच ती पान्हा सोडते. हे काम तिच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं. आबा दवाखान्यात होते तेव्हा घरात सगळ्यांनी बोलून बघितलं. म्हैस कुणाला दाद देईना. मग रेणुका गोठ्यात जाऊन बसली आणि म्हशीला शाळेतलं सगळं सांगत राहिली. म्हशीने पान्हा सोडला. एवढीच गोष्ट.

पण ती आमच्यापैकी कुणाला ऐकू देईना. पुढचे कितीतरी दिवस सुट्टीत, शाळा सुटल्यावर, कानाला हेडफोन लावून कापत बसलेली. मूळ आवाज मॅडम कुणाला पुसू देत नाहीत, तो राहिला बाजूला. ही आपली त्यातून एकेक अडखळणं काढत होती. झाल्यावर तिने मॅडमना चिठ्ठी दिली: "एक जरी शब्द अडकलेला ऐकू आला तर दाखवायचं नाही."

मॅडमनी ऐकलं. एकही शब्द अडकत नव्हता. बातम्या देणाऱ्या बाईसारखं सरळ सपाट!

शुक्रवारी दुपारी पालकांना बोलावलं होतं. चटया अंथरल्या, खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. रेणुकाचे आबा पहिल्याच ओळीत, काठी मांडीवर घेऊन. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून फिल्म ते कानांनीच बघणार.

रेणुकाची फिल्म लागली. गोठा, म्हैस, दुधाची चरवी. आणि तिचा आवाज, न थांबता. मागे बसलेली मुलं चकित. "ए, ही आपली रेणुका?" हसायचं कुणाला सुचलंच नाही. मॅडमनी माझा हात घट्ट धरला. रेणुका भिंतीला टेकून उभी होती, मान खाली. पण चेहरा असा फुललेला!

संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी नाही वाजवल्या. ते शेजारच्या माणसाला मोठ्याने विचारत होते, "हाई कोन बोलनं?"

"आबा, तुमचीच नात ना!" मॅडम पुढे होऊन म्हणाल्या.

"आवाज ते तिनाच शे," आबा म्हणाले. "पन मनी नात इतली घाई नही करस."

लोक हसले. आबांना हसण्याचं कारण कळेना. ते आपले मनापासून सांगत होते, "इतलं भरभर कोनी बोलनं ना मॅडम, ते मनी म्हैस लात मारस!"

मी रेणुकाकडे बघितलं. ती आबांकडे बघत होती. मग ती पुढे आली, आबांच्या हातात काठी दिली, आणि त्यांना धरून घरी घेऊन गेली.

शनिवारी सकाळची शाळा होती. रेणुका घंटेच्या आधी आली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि काढलेलं सगळं अडखळणं एकेक करून पुन्हा जागच्या जागी जोडलं.