काकूंची शेवटची इच्छा

परभणीतल्या आमच्या गल्लीत कार्यक्रम म्हटला की आधी प्रतिमापूजन. टेबल, टेबलावर फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. त्याशिवाय माईकमधून आवाजच येत नाही, अशी आमची श्रद्धा. गेल्या वर्षी काकूंच्या नावाने शिक्षण निधी काढला, तेव्हा त्यांना भेट द्यायला त्यांचीच तसबीर आणली होती. कुणीतरी सवयीने ती टेबलावर मांडली आणि सवयीनेच झेंडूचा हार घातला. काकू स्वतः पहिल्या रांगेत, ठणठणीत!

काकूंची पुढची खोली म्हणजे गल्लीची अभ्यासिका. घरी जागा नसलेल्या कितीतरी पोरी तिथे चहा पीत, बोलणी खात शिकल्या आणि नोकरीला लागल्या. आता शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मुलीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीची सोय नव्हती. त्या संध्याकाळी निधी जमला तरच ती जाणार होती.

सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. प्रमुख पाहुणे सोनपेठहून एसटीने आले, तेही उशिरा. त्यांनी हार पाहिला, उदबत्ती पाहिली, माझ्या हातातला माईक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "अशी माणसं पुन्हा होणे नाही. आपण सर्वांनी उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

आणि काय सांगू! सगळी गल्ली उभी राहिली. सवय हो! काकूही उठल्या. डोळे मिटून, हात जोडून, स्वतःसाठी. मी ओठ चावून मंडपाच्या बांबूकडे बघत राहिलो.

मागे कुणीतरी फिसकलं आणि सगळा मंडप हसत सुटला. खरा प्रकार कळताच पाहुणे घामाघूम. लोक चपला शोधू लागले. निधीचं कुणाच्या ध्यानातही उरलं नाही. मुलीच्या आईने पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा काकू माईकपाशी आल्या.

"बसा खाली! कुटं जायलाव? मयतीतून असं उठत्यात व्हय?"

चपला शोधणारे होते तिथेच बसले.

"माफ करा, काकू," पाहुणे पुटपुटले.

"माफी कशाची, साहेब? लय गोड बोलले तुमी. आता मला वर धाडलंच हाय, तर माझी शेवटची इच्छा पुरी करा. ही पोरगी नांदेडला गेली पायजे. ताट आदी तुमच्याकडंच!"

उदबत्तीचं ताट फिरलं. पाहुण्यांनी अख्खा खिसा रिकामा केला. परतीच्या तिकिटापुरतं काकूंनीच त्यांना परत दिलं. वर्गणीच्या दिवशी हमखास आजारी पडणारे आमचे किराणा दुकानदार खांबाआड सरकले होते.

"काय रं, मला खांदा द्यायला येशील न्हवं?"

"येईन की, काकू."

"खांदा मागून दे. आदी पैसे काढ!"

त्यांनी काढले! मी डोळ्यांनी पाहिलं! फी तर निघालीच, पुढच्या मुलीसाठीही उरले. काकूंनी फोटोचा हार काढून त्या पोरीच्या गळ्यात घातला, आणि टाळ्या अशा कडाडल्या की माझं आभारप्रदर्शन वाहून गेलं.

ती पोरगी आता नांदेडला शिकते. सुट्टीला आली की आधी काकूंची नाडी बघते आणि खिडकीतून गल्लीला ओरडून सांगते, "चालू हाय!"